बोनेट उघडण्याआधी

हे मनन भरभर वाचून संपवायचं नाही. दारात, गोठ्याशेजारी किंवा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी जीप उभी असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा. नसेल, तर ज्या जीपच्या मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून तुम्ही कधीकाळी प्रवास केला, ती आठवा. फाळका, सुटी चाकं, टाकीजवळचा पेट्रोलचा वास, जे आठवेल ते येऊ द्या. प्रत्येक टप्प्यानंतर थोडं थांबा. उत्तर लगेच द्यायचं नाही.

आपल्यापुढे प्रश्न एकच आहे. या जुन्या जीपमध्ये कोणतं इंजिन असावं? आहे तेच ठेवावं, आहे तेच नव्यानं बांधावं, की उतरवून दुसरं बसवावं?

मिस्त्रीकडे हा प्रश्न नेतो तेव्हा आपल्या तोंडी आकडे असतात: अमुक सीसी, तमुक अश्वशक्ती, इतकं मायलेज. मिस्त्रीही आकड्यांनीच उत्तर देतो आणि आठवड्याभरात इंजिन साखळीला लटकलेलं असतं. मधे एक पायरी राहून जाते. आपल्याला त्या इंजिनाकडून नेमकं काय हवं आहे, हे आपण स्वतःला विचारलेलंच नसतं. आज ती पायरी चढू.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. कागल. एका बाजूला पुणे-बंगळुरू महामार्ग, रात्रंदिवस वाहणारा. थोडं दक्षिणेला गेलं की कर्नाटकाची हद्द आणि निपाणी. या रस्त्यावर मालवाहू ट्रकसुद्धा ऐंशीच्या वेगानं धावतात. दुसऱ्या बाजूला, गाव संपलं की दूधगंगेच्या आणि वेदगंगेच्या पाण्यावर वाढलेला ऊस. उसातून जाणारी पाणंद. पावसाळ्यात तिथे घोट्याएवढा चिखल असतो. गाळप सुरू झालं की उसानं भरलेल्या ट्रॉल्या त्याच पाणंदीत खोल चाकोऱ्या पाडतात. आणखी पश्चिमेला मुरगूड, गारगोटी, राधानगरी, दाजीपूर अशी वाट चढत जाते, माती तांबडी होते आणि रस्त्याला वळणं सुटतात.

एकाच गावातून या तीन वाटा निघतात आणि तिघींना इंजिनाकडून वेगवेगळं काही हवं असतं. महामार्गाला वेग हवा. पाणंदीला ओढ हवी, तीही अगदी सावकाश, चाक न घसरवता. घाटाला दम हवा, म्हणजे अर्धा तास ताणलं तरी पाणी न उकळणारं इंजिन हवं. आता स्वतःला विचारा: माझी जीप वर्षातून जितके दिवस बाहेर पडते, त्यातले जास्त दिवस ती कोणत्या वाटेवर असते? ज्या वाटेची स्वप्नं पडतात ती सांगू नका. जिच्यावर टायर झिजले ती सांगा.

थोडं थांबा.

इंजिन ही वस्तू या भागाला परकी नाही. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. पुण्यात १९४६ साली सुरू झालेली ही कंपनी शेतपंपांना आणि जनित्रांना लागणारी इंजिनं बनवत आली. गोकुळ शिरगाव, शिरोली, कोल्हापूरचं उद्यमनगर, सगळीकडे ओतकाम, लेथ आणि बोअरिंगची कामं चालतात. बिडाचा तुकडा हातात घेऊन त्याचा कस सांगणारी माणसं इथे आहेत. जीपचं इंजिन बदलायचं की जपायचं हा निर्णय ज्यांना हातानं पेलता येईल, अशा मोजक्या मुलखांपैकी हा एक मुलूख आहे. म्हणूनच इथे हा निर्णय जास्त विचारानं व्हायला हवा. सोय हाताशी असली की हात लवकर उचलला जातो.

आता जीपकडे पाहा. तिचं बोनेट अजून उघडू नका. बाहेरूनच पाहा.

समोरचं बोनेट उंच आणि चौकोनी असेल, तर ती सीजे-३बी घराण्यातली आहे. त्या उंचीला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं बोनेट बुटकं होतं, कारण आतल्या २.२ लिटर इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच होते. ते इंजिन ६० अश्वशक्तीचं. पुढे ती जीप बनवणाऱ्या विलीस कंपनीनं त्याच मापाच्या ब्लॉकवर नवं हेड बसवलं. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. श्वास मोकळा झाला, ताकद सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीपर्यंत गेली, पण इंजिन उंच झालं. त्याला झाकण्यासाठी बोनेट उंच करावं लागलं. या इंजिनाचं नाव हरिकेन. बाहेरचा आकार आतल्या इंजिनानं ठरवला, हे त्या पत्र्यावर हात ठेवून एकदा जाणून घ्या.

त्याच्याही मागे जा. महायुद्धातल्या जीपचं ते पहिलं इंजिन कोरं करकरीत नव्हतं. विलीसच्या साध्या मोटारीत आधीपासून एक इंजिन होतं, सुमारे ४८ अश्वशक्तीचं आणि फारसं भरवशाचं नसलेलं. डेलमर रूस नावाच्या अभियंत्यानं ते फेकून दिलं नाही. सुट्या भागांची मापं अधिक काटेकोर केली, धातू सुधारले, थंड होण्याची व्यवस्था नीट केली, आणि त्याच इंजिनातून साठ अश्वशक्ती काढली. सैन्याच्या चाचण्यांत ज्या इंजिनानं विलीसचं पारडं जड केलं ते हे. म्हणजे जीपच्या इतिहासातली पहिली सुधारणा ही अदलाबदल नव्हती. ती आहे ते समजून घेऊन नीट करण्याची होती. या गोष्टीपाशी थोडा वेळ राहा.

आपल्याकडे जीप आली ती महिंद्रांमुळे. १९४५ साली जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीसच्या परवान्यावर मुंबईत जीपची जोडणी आणि मग निर्मिती सुरू झाली. सरकारी खाती, सैन्य, पोलीस, धरणांची कामं, साखर कारखाने, सगळीकडे पेट्रोलवर चालणारी ही जीप पोचली.

मग पेट्रोल महाग झालं. १९७३ च्या तेलसंकटानंतर जीपच्या मालकाला डिझेलचा विचार करणं भाग पडलं, आणि महिंद्रांनी हात घातला तो आपल्याच ट्रॅक्टरच्या इंजिनाला. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं कांदिवलीला बी-२७५ ट्रॅक्टरचं काम सुरू झालं होतं. त्या घराण्यातलं २.३५ लिटरचं डिझेल इंजिन सत्तरच्या दशकात जीपमध्ये आलं. नांगरटीचं इंजिन रस्त्यावर आलं. त्यानंतर फ्रान्सच्या प्युजो कंपनीचं डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलं. मिस्त्री त्याला आजही ‘प्युजो’ म्हणूनच ओळखतात. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी, साधारण ६२ अश्वशक्ती. पुढे ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं २५२३ सीसीचं डीआय इंजिन आलं. इंधन थेट पिस्टनवरच्या खोलगट भागात फवारणारं, आवाजानं दणदणीत, पण सोसणारं.

पश्चिम महाराष्ट्रातलं वडाप या डिझेल इंजिनांवरच उभं राहिलं. एसटी जिथे दिवसातून दोनदा जाते तिथे कमांडर जीप दिवसभर फेऱ्या मारू शकली, कारण डिझेलचा हिशोब जुळत होता. आत किती माणसं बसली आणि टपावर किती पोती चढली, याची नोंद कुठल्या तक्त्यात नाही. इंजिनांनी ते वाहून नेलं.

आता स्वतःला दुसरा प्रश्न विचारा. या जीपमध्ये आज जे इंजिन आहे, ते या वंशावळीत कुठे बसतं? ते मूळचं आहे, की आधीच्या मालकानं त्याच्या गरजेपोटी बसवलेलं? कुणाची तरी गरज, कुणाचा तरी काळ त्यात आहे. त्याला नावं ठेवण्याआधी ती गरज समजून घ्या.

आता बोनेट उघडा. चालू करू नका. गार इंजिन आधी नुसतं पाहा.

तेल कुठून पाझरतं? पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? तेलाची काडी काढली तर तेल काळं आहे की दुधाळ? दुधाळ असेल तर पाणी आत शिरतं आहे. माउंटिंगचे रबर फाटले आहेत का? फाटलेल्या रबरामुळे चांगलं इंजिनही आजारी वाटतं. मग चालू करा आणि मागे जाऊन धूर पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळतं आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. पेट्रोल इंजिन तापल्यावरही पांढरा धूर सोडत राहिलं तर हेड गॅस्केटकडे पाहा. तेल भरायचं झाकण काढून तिथे तळवा धरा. धूर भसाभस आला तर दाब पिस्टनच्या कडेनं खाली उतरतो आहे.

मग ऐका. वरून टकटक येते ती टॅपेटची. तिला फार घाबरू नका. खालून, ओझं पडल्यावर, खोल ठोका येत असेल तर तो क्रँकच्या बेअरिंगचा. तो आल्यावर गाडी चालवू नका. प्रत्येक आवाजाला वेगळं कारण असतं आणि प्रत्येक कारणाला वेगळा खर्च. ‘इंजिन गेलं’ हा शब्द यांतलं काहीच सांगत नाही. कॉम्प्रेशन मोजून घ्या, तेलाचा दाब मोजून घ्या. मोजमाप होईपर्यंत मनात निर्णय येऊ देऊ नका. आला तर बाजूला ठेवा आणि पुन्हा ऐका.

इंजिन उतरवायला निघालेल्या कितीतरी मालकांचं काम इथेच थांबू शकतं. टायमिंग चुकलेलं, पॉइंटचं अंतर बिघडलेलं, कार्बुरेटरमध्ये कचरा, पंपाचा पडदा कडक झालेला, नोझल गळणारं. ही आजारपणं आहेत. ताकद गेली असं वाटतं, पण ती अडलेली असते.

समजा मोजल्यावर झीज खरीच निघाली. तरी पहिला मार्ग इंजिन नव्यानं बांधण्याचा आहे. हरिकेनच्या ब्लॉकमध्ये बोअर थेट बिडातच कापलेला असतो. वीस, चाळीस, साठ थाऊ असा वाढवत नेऊन मोठे पिस्टन टाकता येतात. तेही संपलं तर स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ मापावर येता येतं. क्रँक ग्राइंड होतो, व्हॉल्व्ह आणि सीट नव्या बसतात, हेड सपाट करून घेता येतं. उद्यमनगरातल्या बोअरिंगवाल्यांना या कामाची सवय आहे. नीट बांधलेलं हरिकेन थंडीच्या सकाळी हॅण्डल मारूनही चालू होतं, कारण त्याचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास आहे. डिझेलमध्ये तेच अठरा ते बावीस असतं; तिथे हाताचं चालत नाही, दणकट बॅटरी आणि सेल्फ लागतो.

पेट्रोल ठेवायचं ठरलं तर आजच्या पेट्रोलचाही विचार करा. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल रूढ झालं. त्या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून आणि मळीतून येतो. कागलच्या शिवारातल्या पिकाचा अंश असा जीपच्या टाकीत पोचतो. शेतकऱ्याला त्यातून भाव मिळतो ही चांगली गोष्ट आहे. पण जुन्या कार्बुरेटरला हे इंधन मानवावं लागतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराच्या नळ्या आणि पडदे फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सोडवून फिल्टरमध्ये आणतं. त्याला जळायला पेट्रोलच्या मानानं कमी हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. नळ्या, पडदे आणि गॅस्केट इथेनॉल सोसणारे घ्या, टाकी आतून साफ करा, फिल्टर बदला, जेट थोडा मोठा करून मिश्रण पुन्हा जुळवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. ही छोटी सुधारणा आहे, पण इंजिनाचं आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे.

थोडं थांबा. आता दुसऱ्या इंजिनाचा विचार मोकळेपणानं करू.

मूळ ब्लॉक फुटला असेल किंवा तो कधीच विकला गेला असेल, तर प्रश्न वेगळा होतो. जीपला डिझेल आधीपासून असेल तर त्याच घराण्यातलं डिझेल सगळ्यात सोपं. प्युजोचा स्वभाव हलका आणि मोकळा आहे. थंडीत हीटर प्लग तापवावे लागतात, पण रस्त्यावर ते खुलून फिरतं. डीआयला हीटर प्लगशिवायही चालू व्हायची सवय असते, इंधन कमी लागतं, खालच्या फेऱ्यांवर ओढ चांगली असते, मात्र हादरे आणि आवाज जास्त. पाणंदीत आणि ट्रॉलीमागे राबणाऱ्या जीपला डीआय शोभतं. सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात, ही त्याची सगळ्यात मोठी ताकद. भर पावसात मुरगूडच्या पुढे गाडी बंद पडते तेव्हा ब्रोशरमधली अश्वशक्ती कामाला येत नाही. जवळच्या दुकानातलं गॅस्केट येतं.

मोह मात्र आणखी पुढचा असतो. २०१० साली आलेल्या महिंद्रांच्या थारमध्ये दोन डिझेल इंजिनं होती. डीआयची ताकद ६३ अश्वशक्तीच्या आसपास, आणि सीआरडीईची १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर ओढीसह. अपघातातल्या गाडीतून काढलेलं असं इंजिन जुन्या जीपमध्ये बसवावं, असं कुणालाही वाटेल. हे वाटणं चूक नाही. त्या वाटण्याकडे शांतपणे पाहा आणि त्याच्या मागे मागे चालत जा. इंजिनापाठोपाठ संगणक येतो, वायरिंगचं जाळं येतं, सेन्सर येतात, इंटरकूलर आणि मोठा रेडिएटर येतो. एखादा सेन्सर बिघडला तर मिस्त्रीला कानानं ऐकून भागत नाही, स्कॅनर लागतो. त्यानंतर ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये, तिथून ट्रान्सफर केसमध्ये, प्रोपेलर शाफ्टमध्ये, जॉइंटमध्ये, डिफरन्शियलमध्ये आणि शेवटी अ‍ॅक्सलच्या एका दांड्यात पोचते. साठ-सत्तर अश्वशक्तीच्या हिशोबानं घडलेल्या साखळीवर हे सगळं येतं. खिल्लारी खोंड आणि थकलेला बैल एका जुवात जुंपले, तर शिवळ मोडते किंवा थकलेला बैल बसतो. खोंडाची ताकद नांगराच्या फाळापर्यंत पोचतच नाही.

म्हणून इंजिनाच्या आधी गिअरच्या प्रमाणाचा विचार करा. तिथे बरंच काही उलगडतं. जुन्या सीजे-३बीच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ असतं. प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. सोळा इंची रिमवरच्या मूळ अरुंद टायरनं इंजिनाच्या ३,००० फेऱ्यांवर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे ७६ किलोमीटर जाते. त्यापुढे इंजिन किंचाळू लागतं, आणि मालकाला वाटतं की इंजिन दुबळं आहे. प्रमाण ४.२७ केलं तर त्याच फेऱ्यांवर वेग ९६ च्या जवळ जातो. ३.७३ केलं तर १०९. इंजिन तेच.

आता उलटं पाहा. पहिला गिअर, लो रेंज आणि ५.३८ एकत्र केले तर इंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. हजार फेऱ्यांवर गाडी ताशी पावणेचार किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो त्या वेगानं चालते. चिखलातून, ओढ्यातून, दगडांवरून हा वेग सोनं आहे. ३.७३ वर तोच वेग सव्वापाचच्या पुढे जातो आणि क्लच जाळायची वेळ येते. महामार्गाला जे दिलं ते पाणंदीकडून काढून घेतलं जातं. दोन्ही वाटा पूर्णपणे एका गाडीत मावत नाहीत. सुरुवातीला दिलेलं आपलं उत्तर इथे आठवा आणि ते अजून खरं वाटतं का ते पाहा.

यानंतर थांबण्याचा विचार करा. हलत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ७० वरून १०० ला गेलात की थांबवायची ऊर्जा दुप्पट होते. ती सगळी उष्णता होऊन चार छोट्या ड्रममध्ये उतरते. जुन्या जीपला ब्रेकचा बूस्टर नाही, पत्ती स्प्रिंग आखूड, उंची जास्त आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम दोन मीटर. शेजारी पोरंबाळं बसलेली आहेत असं मनात आणा. पुढचा ट्रक अचानक थांबला आहे असं मनात आणा. आता विचारा: आधी काय सुधारायचं? पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, बूस्टर, दुहेरी मास्टर सिलिंडर, घट्ट स्टिअरिंग आणि सीट बेल्ट. ही यादी इंजिनाच्या यादीआधी येते, आणि तिच्यावर झालेला खर्च कधीच वाया जात नाही.

इथे एका कादंबरीची आठवण ठेवू. कागलमध्ये जन्मलेल्या आनंद यादवांनी १९७१ साली ‘गोतावळा’ लिहिली. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि राबणारी जनावरं एकेक करून जातात, हे तिथे नारबा हा गडी सांगतो. जनावरांत वाढलेल्या त्याच्या जगात त्यांच्या जाण्यानं पोकळी पडते. ट्रॅक्टर वाईट होता असं कुणी म्हणणार नाही; त्यानं कष्ट कमी केले. पण आलेल्या यंत्राबरोबर काय गेलं, हे कुणीतरी पाहिलं आणि नोंदवलं, याला महत्त्व आहे. आपल्या जीपचं जुनं इंजिन उतरेल तेव्हा त्याच्याबरोबर काय जाईल, ते आपणही पाहू. पहिल्या गिअरला सिंक्रो नसल्यानं पायाला लागलेली दुहेरी क्लचची सवय जाईल. कानावरून मिश्रण जुळवणाऱ्या मिस्त्रीचं काम जाईल. गाडीचा स्वतःचा आवाज जाईल. हे जायला नको असा हट्ट नाही. जाताना ते आपल्याला माहीत असावं, इतकंच.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टपणे अधोरेखित केलं. त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन बसवायचं तरी परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नवा क्रमांक आरसीवर चढवावा लागतो. इंधन बदलायचं किंवा विजेवर जायचं तर मान्यताप्राप्त किटच चालतं. नोंद न केलेल्या इंजिनाची गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीसमोर आपली बाजू लंगडी पडते. आणखी एक गोष्ट. २०२१ साली केंद्रानं पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात असणं, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसणं ही त्यातली अट आहे. साठच्या दशकातली जीप ज्यांच्या दारात मूळ हरिकेनसह उभी आहे, त्यांनी इंजिन उतरवण्याआधी हा दरवाजा आपण बंद करतो आहोत हे जाणून घ्यावं.

आता शेवटचा थांबा. जे काही ऐकलं, मोजलं, आठवलं, ते सगळं समोर ठेवा आणि माझं मतही त्यात ठेवा.

मूळ इंजिन जागेवर असेल आणि ब्लॉक बांधता येण्याजोगा असेल, तर तेच बांधा. जीप डिझेलवर नोंदलेली असेल आणि राबायची असेल, तर त्याच घराण्यातलं, सुटे भाग मिळणारं साधं डिझेल ठेवा. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग पाणी थंड ठेवणारी व्यवस्था, मग गिअरचं प्रमाण, आणि सगळ्यात शेवटी इंजिन, हा क्रम मोडू नका. आणि महामार्गावर रोज शंभरनं धावायचं असेल, तर त्यासाठी आजच्या काळातली वेगळी गाडी घ्या. जुन्या जीपकडून ते मागणं तिच्यावर आणि आत बसणाऱ्यांवर अन्याय आहे.

इतकं करूनही इंजिन बदलण्याचाच निर्णय झाला, तर एक कळकळीची विनंती आहे. उतरवलेलं इंजिन किलोच्या भावानं भंगारात घालू नका. ब्लॉक, हेड आणि क्रँकला तेल लावा, लाकडी पेटीत ठेवा, क्रमांक लिहून ठेवा. ज्याला ठेवायला जागा नाही त्यानं ते मूळ जीप जपणाऱ्याला द्यावं. असे ब्लॉक आता नव्यानं ओतले जात नाहीत. जेवढे आज वाचतील तेवढेच उरणार आहेत.